अब्बांची भट्टी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझे वडील कल्हईवाले होते. पूर्वी एवढं सांगितलं की पुरायचं. आता 'कल्हई म्हणजे काय हो?' असा प्रश्न येतो, आणि विचारणारा चांगला तिशी-पस्तिशीचा, नोकरीधंद्याला लागलेला माणूस असतो. तेव्हा आधी तेवढं सांगतो.

आपल्याकडे स्वयंपाकघरातली भांडी तांब्यापितळेची असायची. पितळेच्या पातेल्यात ताक, चिंचेचं सार असं काही आंबट ठेवलं की ते कळकतं. चव बिघडते, तोंड फिरतं, आणि पोटात गेलं तर माणूस आजारी पडतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. तीच कल्हई. घासून घासून ती काही महिन्यांत उडते, आतून पितळेचा पिवळा रंग डोकावायला लागतो, की पुन्हा करायची. त्यामुळे कल्हईवाला हा गावाला वर्षातून एकदोनदा लागायचाच. तो बलुतेदार नव्हता, गावकीच्या कागदात त्याचं नाव नव्हतं. पण त्याच्याशिवाय गावाचं ताक कळकायचं.

आमचं गाव बार्शी आणि येडशी यांच्या मधलं, बालाघाटच्या पायथ्याचं. आजूबाजूची पंचवीस-तीस गावं अब्बांच्या फिरतीची. दिवाळीच्या आधी काम सुरू व्हायचं ते लग्नसराई संपेपर्यंत. पावसाळ्यात उघड्यावर भट्टी लागत नाही, तेव्हा ते रोजानं शेतात जायचे. सायकलच्या कॅरिअरवर भाता बांधलेला, मुठीला कोळशाचं पोतं, पुढच्या दांडीवर मी. हा भाता शेळीच्या कातड्याचा होता आणि सायकल खड्ड्यातून गेली की तो एखाद्या म्हाताऱ्यासारखा सुस्कारा टाकायचा.

गावात शिरलं की अब्बा पहिल्यांदा वारा बघायचे. मग मारुतीच्या पाराजवळ नाहीतर चावडीच्या आडोशाला जागा धरून हातभर खड्डा खणायचे. भात्याची तोटी खड्ड्याच्या तळाशी सोडायची, वर ओली माती थापायची, खड्ड्यात लोणारी कोळसा भरायचा. तोवर माझी गावात एक फेरी व्हायची. "कल्हईऽऽ, भांड्याला कल्हईऽऽ." माझा आवाज मोठा होता. पुढे कविसंमेलनात तो उपयोगी पडला, असं माझे मित्र म्हणतात. कवितेबद्दल मात्र ते काही बोलत नाहीत.

भांडी येऊन पडली की ती आधी आतून स्वच्छ करायची. लहान भांडी हातानं व्हायची. मोठ्या पातेल्यात वाळू आणि चिंचेचं पाणी टाकून, गोणपाटाच्या तुकड्यावर अनवाणी उभं राहायचं, हात भिंतीला टेकायचे आणि कमरेला डावी-उजवीकडे झोके द्यायचे. हे काम पोराचं. आमच्या भागातल्या बहुतेक मोठ्या घरांच्या पातेल्यांत मी उभा राहिलेलो आहे. मग ते पातेलं सांडशीत धरून अब्बा विस्तवावर फिरवायचे. भात्याचा लोहारासारखा जोर नको असतो, ताप एकसारखा हवा असतो. पितळ पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा. पांढरा धूर उसळायचा, नाकातोंडात जायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. त्या धुरात अब्बा कथलाची कांडी भांड्याला नुसती टेकवायचे, की पाण्यासारखा थेंब सुटायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. अब्बांना तो अंश भांड्याच्या रंगावरून कळायचा. मग कापसाच्या बोळ्यानं तो थेंब भराभर सगळीकडे पसरायचा. दोन-तीन हातांत काळंपिवळं भांडं आतून चंद्रासारखं उजळायचं. ही उपमा माझी नाही. भोवती बसलेल्या बायका हटकून हेच म्हणायच्या आणि लेकरांना पुढे ढकलायच्या, बघा म्हणायच्या. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र.

पण खरी गोष्ट आहे ती कथलाची. कथील महाग आणि शिसं स्वस्त. दोन्ही दिसायला पांढुरकी. कथलात शिसं मिसळलं तर भांडं चकाकतं तसंच, आणि कल्हईवाल्याचे पैसे सुटतात. शिशाचं विष अंगात हळूहळू भिनतं, तोवर कल्हईवाला चार गावं पुढे गेलेला असतो. कोण कुणाला धरणार? अब्बा बार्शीच्या बाजारात कथील घेताना कांडी कानाशी धरून हळूच वाकवायचे. शुद्ध कथील वाकताना करकर असा बारीक आवाज करतं. आतल्या स्फटिकांची मांडणी वाकताना बदलते त्याचा तो आवाज. शिसं वाकवा, काही आवाज नाही. अब्बा दुकानदाराला म्हणायचे, "हे बोलत नाही, दुसरं दाखवा." नवा दुकानदार असला तर त्याला वाटायचं, या माणसाच्या डोक्यात फरक आहे.

अब्बा शाळेत गेलेले नव्हते. मशिदीत अरबी अक्षरं लावून कुराण वाचण्यापुरते शिकले, तेवढंच. पण त्यांना मराठी वाचता यायचं, आणि ते ते भांड्यांवरून शिकले. तुमच्यापैकी जाणत्यांना आठवत असेल, भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. काठाला ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं कोरलेली असायची. लग्नात मामाकडून आलेली परात, आत्यानं दिलेलं तपेलं, कुणा कैलासवासी माणसाच्या स्मरणार्थ दिलेला हंडा. नाव, गाव, तिथी. पन्नास भांडी एका जागी आली की कुठलं कुणाचं, हा घोळ टाळायचा तर नाव वाचता यायलाच हवं. तरुणपणी बायकांना विचारून विचारून अब्बा ती अक्षरं शिकले. त्यामुळे त्यांना वाचता यायचं ते ठिपक्यांचं मराठी. छापील वर्तमानपत्र समोर धरलं तर ते अडखळायचे. म्हणायचे, याची अक्षरं फार चिकटलेली आहेत.

मीही अक्षरं तिथंच गिरवली. शाळेत जायच्या आधी. भाता ओढता ओढता अब्बा भांडं माझ्यापुढं धरायचे, "पढ, क्या लिख्या हय?" घरात आमची बोली दखनी. गावात मराठी. आणि या दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर हे ठिपके.

हे सविस्तर सांगायचं कारण आहे. गेली तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कुठंही कार्यक्रम झाला की नंतर कोणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, "तुमचं मराठी किती चांगलं आहे हो!" त्यात वाईट हेतू नसतो. पण शेजारी बसलेल्या कवीला असं कुणी म्हणत नाही. यावर आम्हा लोकांचं एक पाठ केलेलं उत्तर असतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद, त्यांचा 'योगसंग्राम', मग एकदम बार्शीचे शाहीर अमर शेख. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, बी.ए. होऊन पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो होतो. संमेलनाला जाऊन आलो. परत आल्यावर हे सगळं अब्बांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. अमर शेख त्यांनी बार्शीत प्रत्यक्ष ऐकले होते, त्यामुळे तेवढ्यापुरती मान हलवली. त्यांचा आवाज मोठा होता म्हणाले. मग, तिथं इतकी माणसं जेवली, तर भांडी कसली होती, असं विचारलं.

ते रेडिओ मात्र ऐकायचे. एकदा कुणाचं तरी काव्यवाचन चाललं होतं. त्यात "तव" हा शब्द दोनदा-तीनदा आला. अब्बांनी अम्मीला विचारलं, "ये कौनसे तवे की बात कर रहा?" अम्मी म्हणाली, "लोखंडी असेल."

माझ्या मराठीचं उत्तर एवढंच आहे की मी भट्टीपाशी बसलो होतो. भांडं होईपर्यंत बायकांना तिथं थांबावं लागायचं, आणि थांबलेल्या बायका बोलतात. नवी सून सासरचं बोलायची नाही, पण माहेरच्या तपेल्यावरून हात फिरवायची. म्हाताऱ्या सगळंच बोलायच्या. अब्बा कुणाला माय म्हणायचे, कुणाला आक्का, कुणाला वैनी. त्या त्यांना चाचा म्हणायच्या. परपुरुष, त्यातून दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा, पण त्याच्यापुढं घरातलं भांडं उघडंच असायचं. कुणाच्या घरी तूप कढतं आणि कुणाच्या घरी महिनाभर फोडणी नाही, हे भांड्याच्या तळावरून कळतं. अब्बांना ते कळायचं. ते एका घरचं दुसऱ्या घरी बोलले नाहीत.

सगळंच काही गोड नव्हतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतूनही भांडी यायची. थोडी, पण यायची. मग एखाद्या वाड्यातून निरोप यायचा की आमची भांडी आधी होऊ द्या, त्यांची मागून. विस्तव तोच, बोळा तोच, पाण्याची टोपली तीच, म्हणून. एका गावात वाड्याचे मालक स्वतः येऊन उभे राहिले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अब्बा खाली बसलेले, सांडशी हातात. म्हणाले, "आलं तसं करतो, मालक. घाई नसेल तर उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा." आवाज अगदी मऊ. मालक काही बोलले नाहीत. गड्याकरवी भांडी उचलून नेली. दोन वर्षं त्या वाड्याचं काम बंद झालं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या घरी लग्न निघालं, तेव्हा पुन्हा आलं. अब्बांनी घेतलं. दर वाढवला नाही, की मागचं काही काढलं नाही. मला राग होता, त्यांना तो होता की नाही हे मला कधी कळलं नाही. १९४८ साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि निजामाच्या हद्दीत राहत होते. त्या दिवसांबद्दलही ते आमच्यापाशी कधी बोलले नाहीत. मऊ आवाज तिथून आला असेल.

आता १९७२.

त्या दुष्काळात मी पाच वर्षांचा होतो. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी जिभेला आठवते. बाकीचं अम्मीकडून ऐकलेलं. पाऊस आधीच्या सालांतही धड नव्हता, बहात्तरला तो गेलाच. जनावरं गेली, मग दागिने गेले, आणि दागिन्यांच्या मागोमाग भांडी निघाली. भांडं म्हणजे घरात साठवलेला पैसाच. पितळ कुठल्याही दिवशी वजनावर विकता येतं. मोड घेणारे व्यापारी गावोगाव तराजू घेऊन फिरायला लागले.

त्यातला एक तालुक्याहून आमच्या घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. अब्बांना म्हणाला, तुला तर प्रत्येक घर ठाऊक आहे. कुणाच्या माळवदावर काय आहे, कुणाच्या बळदात काय पुरून ठेवलंय, सगळं ठाऊक. तुझ्यावर बायकांचा भरवसा आहे. तू नुसता माझ्याबरोबर चल, भाव मी करतो, किलोमागं तुला आठ आणे. त्या दिवसांत आठ आणे म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. दिवसाला वीस किलो मोड निघाली असती तर दहा रुपये.

अब्बांनी काही तत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. अम्मी सांगते, ते म्हणाले, "सायकल मोडलीय." व्यापारी हसला. म्हणाला, माझी बैलगाडी आहे. अब्बा म्हणाले, "नाही, सायकल नीट झाल्यावर बघू." तो पुन्हा दोनदा आला. दोन्ही वेळा सायकल मोडलेलीच होती. ती भिंतीला टेकून समोर उभी होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

कल्हईचं काम तेव्हा अर्थातच बंद होतं. खायला नाही तिथं कल्हई कोण करणार? अब्बा आणि अम्मी दोघं खडी फोडायला गेले. पाझर तलावाचं काम निघालं, तिथं माती उपसली. अम्मीला दिवस गेलेले होते. पुढच्या उन्हाळ्यात माझी एक बहीण जन्मली आणि दीड महिन्यानं गेली. अम्मीच्या अंगावर दूधच नव्हतं.

अम्मी या दोन गोष्टींचा संबंध जोडते. आजही जोडते. तिचं म्हणणं असं की, लोकांची भांडी जायची ती गेलीच. अब्बा गेले नाहीत म्हणून एक तरी परात वाचली का? तो व्यापारी दुसऱ्याला घेऊन फिरला. वर त्या माणसानं बायकांना फसवलं, वजनात मारलं. अब्बा असते तर निदान तराजू सरळ राहिला असता. "लेकरां का सोचना था," ती म्हणते. अब्बांच्या तोंडावरही म्हणायची. ते ऐकून घ्यायचे. तू चुकतेस, असं ते तिला कधीही म्हणाले नाहीत. आणि आपण चुकलो, असंही म्हणाले नाहीत. मी पुष्कळ वर्षं या गोष्टीवर कविता लिहायचा प्रयत्न करतो. होत नाही. कारण अम्मीचा हिशेब मला खोडता येत नाही.

एवढं खरं की दुष्काळ सरल्यावर एका बाजाराच्या दिवशी अब्बा तालुक्याला त्या मोडीच्या वखारीपाशी उभे राहिले होते. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, मी मोठा झाल्यावर. भांडी चेचून, ढीग करून ठेवलेली. वितळवायला जायची होती. म्हणाले, "नावं दिसत होती." त्यांनी किती वाचली, कुणाकुणाची वाचली, ते सांगितलं नाही. गावातल्या बायकांनाही सांगितलं नाही. पण पुढे एखाद्या घरची बाई, लग्नातलं तपेलं बहात्तर साली गेलं हो चाचा, असं म्हणाली की ते लगेच कोळसा सारखा करायला वाकायचे.

पितळ गेलं ते गेलंच. पुन्हा पाऊसपाणी बरं झालं, तेव्हा लोकांनी जर्मनची पातेली घेतली, स्वस्त म्हणून. मग स्टील आलं. बायका बोहारणीशी हुज्जत घालून स्टीलचे डबे घ्यायला लागल्या. जर्मनला कल्हई लागत नाही, स्टीलला लागत नाही. ऐंशी साल उजाडलं तोवर तीस गावांतली बारा उरली, आणि मी कॉलेजात गेलो तेव्हा अब्बांकडे कामं राहिली ती मोठ्या भांड्यांची. उरुसाच्या डेगा, सप्त्याच्या महाप्रसादाची पातेली, लग्नाच्या आचाऱ्यांची भांडी. दर्ग्याची डेग आणि विठोबाच्या देवळातलं पातेलं एकाच आठवड्यात करायचे, कारण कोळसा एकदाच आणावा लागायचा. याला हल्ली सलोखा वगैरे म्हणतात. अब्बांच्या लेखी ती कोळशाची बचत होती.

माझं अम्मीचं माहेर उमरगा तालुक्यातलं. दिवाळीनंतर महिनाभर अब्बा तिकडे मुक्काम टाकून उमरगा-औसा भागातली गावं करायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवलेले होते. आमच्या गावातही घरं हादरली, भांडी फडताळातून पडली. तिकडे गावंच्या गावं बसली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, माणसं झोपेतच गाडली गेली. हजारो. मामांचं घर पडलं. ते आणि मामी अंगणात झोपले होते म्हणून राहिले.

बारा-तेरा दिवसांनी अब्बांनी भाता काढला. कातडं वाळलं होतं, त्याला तेल चोळलं. मला वाटलं, हे काय करणार तिथं जाऊन? मदतीच्या गाड्या येत होत्या, पत्र्याच्या शेडमधून नवी कोरी स्टीलची भांडी वाटली जात होती. अब्बांनी बार्शीहून उधारीवर दोन किलो कथील घेतलं. कांडी कानाशी लावूनच घेतलं. मी चार दिवसांची रजा टाकून बरोबर गेलो, भाता ओढायला. शेडच्या ओळीच्या टोकाला त्यांनी खड्डा खणला. हाळी दिली नाही. नुसता विस्तव करून बसले.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग एक बाई आली. तिच्या हातात ढिगाऱ्यातून काढलेलं पातेलं होतं, एका बाजूनं चेपलेलं, मातीनं भरलेलं. तिनं अब्बांना ओळखलं. म्हणाली, "चाचा, तुमीच का?" संध्याकाळपर्यंत रांग लागली. लोकांकडे नवं स्टील होतं, तरी ते जुनं घेऊन येत होते. अब्बा आधी ठोकून ठोकून भांडं आकाराला आणायचे. ते काम खरं तांबटाचं, पण त्यांना थोडं जमायचं. मग माती काढायची, घासायचं, मग कल्हई. त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. त्याबद्दल बोलणंच झालं नाही.

तिसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ ताट घेऊन आले. पितळेचं, काठाला नाव घातलेलं. अब्बांनी काठ पुसला आणि वाचलं. मीही वाचलं. लेकीचं नाव असावं किंवा सुनेचं, आम्ही विचारलं नाही. ताट तापलं, नवसागर टाकला, धूर उठला. ते गृहस्थ खाली बसले आणि म्हणाले, "चाचा, नावावर कल्हई चढू देऊ नका." कथील वितळलं की ते बारीक ठिपक्यांत शिरतं आणि अक्षर बुजतं. अब्बांनी बोळा सोडून दिला. बोटाला फडकं गुंडाळून, एका एका अक्षराच्या कडेनं, तापलेल्या पितळेवर ते कथील मागे सारत राहिले. बोट भाजत असणार. मी भाता थांबवला होता तर म्हणाले, "ओढ, ताप उतरू देऊ नको."

मी चार दिवसांनी कामावर रुजू झालो. ते नऊ दिवस राहिले. कथलाची उधारी माझ्या पुढच्या दोन पगारांतून फिटली. या खर्चावर अम्मी काही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती काही म्हणाली नाही.

अब्बा २००९ साली गेले. शेवटची काही वर्षं छातीत कफ असायचा. नवसागराचा धूर जन्मभर घेतलेला, डॉक्टरांना वेगळं काही सांगायची गरज पडली नाही. तोवर वर्षाकाठी दोन-तीन डेगा करायचे, त्याही भात्यावर नाही, हातानं फिरवायच्या पंख्यावर. धाकट्या भावानं वेल्डिंगचं दुकान टाकलं आहे. कल्हई आम्ही दोघांनीही पुढे नेली नाही, आणि आता शहरात लोक पितळेची भांडी पुन्हा घ्यायला लागले आहेत. आरोग्याला चांगली म्हणून. मोबाईलवर मागवतात. माझ्या मुलीनं तशी एक कढई घेतली, आतून कल्हई केलेली. मी ती उजेडात धरून पाहिली. कल्हई बरी होती, कडेला थोडी जाड.

अम्मी आता ऐंशीच्या घरात आहे, गावीच असते. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा शेजारच्या गावची एक बाई चाचांचं घर विचारत आली. पिशवीत परात. सासूची परात आहे, पुतणीच्या लग्नात वापरायची आहे, म्हणून कल्हई करून हवी. चाचा जाऊन इतकी वर्षं झाली हे तिला माहीत नव्हतं. अम्मीनं तिला बसवलं, चहा दिला, परात हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. मग सांगितलं, बार्शीला जा, बाजाराच्या दिवशी तिथं एक जण बसतो. बाई उठली. ती दारातून बाहेर पडली तशी अम्मीनं तिला परत हाक मारली.

"आणि ऐक. आधी त्याला कांडी कानापाशी वाकवून दाखवायला सांग. आवाज आला तरच परात दे."